सोफ्याच्या कापडातली सासू

प्रिय जावईबापू लुबोवा,

‘प्रिय’ लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नका. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरने एवढंच शिकवलं होतं, की पत्र कुणालाही असो, पहिला शब्द हाच. मी त्या शाळेत भागाकार सुरू होईपर्यंत टिकले, मग बापाने घरी बसवलं. त्यामुळे अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे आणि पूर्णविराम मी दम लागेल तिथे देते. तुम्हाला लाकडातल्या रेघा वाचता येतात, हेही वाचता येईल. तुम्ही आत्ता बाहेर अंगणात रंधा मारताय, मला ऐकू येतोय. मी आत, तुम्हीच टांगलेल्या तपकिरी पडद्याच्या अलीकडे, खाटेवर पाय पसरून बसलेय आणि मांडीवर पाट ठेवून तुम्हाला पत्र लिहितेय. तुमचं खोकणं इथे ऐकू येतं, माझं कण्हणं तिथे ऐकू येत असेल. एवढ्याशा अंतरावर पत्र लिहिणारी बाई वेडीच म्हणायची. पण तोंडाने बोलायचं तर मधे पडदा, आणि पडदा नसता तर मी अजिबातच बोलले नसते. पलीकडे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही ते कुणाला सांगत नाही. अलीकडे काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि मी ते भलतंच सांगून बसले. म्हणून हे लिहिणं.

सासूने जावयाच्या छपराखाली झोपायचं नसतं. त्याला शिवायचं नाही, त्याच्या ताटाशेजारी बसायचं नाही, वाटेत समोर आला तर दोघांपैकी एकाने गवतात शिरायचं. हे मला माझ्या आईने सांगितलं, मी माझ्या पोरीला, नान्साम्बाला सांगितलं, तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असणारच. गुडघा बदलायचा ठरला तेव्हा मी डॉक्टरला म्हटलं, बदल बाबा, पण दुसऱ्या दिवशी मला कालुंगूला माझ्या घरी सोड. तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते. मग एकेक गोष्ट बाहेर पडली. खड्ड्याच्या संडासावर उकिडवं बसायचं नाही, चटईवर बसायचं नाही, पाणी उचलायचं नाही, एकटीने राहायचं नाही. माझा मुलगा ट्रक घेऊन जुबाला गेलेला, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी. मग उरलं कोण? तुमचं घर. गाडीतून मला उतरवलं तेव्हा तुम्ही अंगणात नव्हता. नान्साम्बा म्हणाली, ‘लाकूड आणायला गेलेत.’ मी म्हटलं, बरं झालं, तेवढी तरी अक्कल आहे. अंगणात लाकडाचा ढीग छपराला टेकलेला होता, तो मी आत शिरताना पाहिला आणि पाहिला नाही असं दाखवलं.

आत आले तर खाट ही एवढी उंच. मी पोरीला म्हटलं, ‘फसवलं गं तुला दुकानदाराने. ही खाट आहे की कोंबड्यांचा माळा?’ खाटेशेजारी ती खुर्ची, बैठकीला मधोमध भोक, खाली बादली. हात टेकायच्या जागी लाकूड असं गुळगुळीत, की पहिल्या दिवशी वेदना विसरून मी नुसती हात फिरवत बसले. म्हटलं, गोऱ्यांचा माल तो गोऱ्यांचाच. आपल्याकडच्या सुताराला असलं जमायचं नाही. हे मी मोठ्याने म्हटलं होतं, आणि बाहेरचा रंधा क्षणभर थांबला होता, हे आता आठवतं. पुढे पोरीच्या तोंडून निसटलं, की खाटेला पाय तुम्ही जोडलेत आणि खुर्चीही तुम्हीच केलीत. झालं. त्या दिवसापासून मी त्या खुर्चीवर बसेना. पोट फुगून ढोल झालं तरी बसेना. माझ्या जावयाने माझ्या बुडाचं माप कुठून आणलं, हे कोडं सुटेना. शेवटी पोरीला विचारलं तर ती निर्लज्ज हसली आणि म्हणाली, ‘माझं घेतलं, आई. आपलं दोघींचं एकच आहे.’ तेव्हा कुठे बसले. जावईबापू, ही अशी गोष्ट सासूने जावयाला लिहायची नसते. पण या पत्रात याहून वाईट यायचंय, म्हणून हात बसवून घेते.

आता गुडघ्याचं. हॉस्पिटलात व्यायाम शिकवायला अतिम नावाची मुलगी आहे. उत्तरेकडची, उंच, हात म्हणजे दगडी जातं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की आजी, डॉक्टरने लोखंड बसवलंय, पण त्याला वाकायला तुम्हीच शिकवायचं. टाच घसरवत मागे आणायची, खुर्चीच्या कडेला बसून पाय लोंबकळू द्यायचा, हॉस्पिटलाने दिलेली आधाराची चौकट धरून ओसरीवर चालायचं, दुखलं तरी करायचं. मी मान डोलावली. पण ओसरी तुमच्या अंगणासमोर. पडदा सरकवून बाहेर पडायचं तर तुम्ही समोर, तुमचे कामगार समोर, गिऱ्हाइकं समोर, आणि माझा पाय सुजून केळीच्या खोडासारखा, त्यावर टाक्यांची लांबलचक गोम, आणि लुगडं वर धरल्याशिवाय चौकट चालवता येत नाही. मी म्हटलं, उद्यापासून. खाटेवर टाच घसरवायची तर घोंगडी बाजूला करावी लागते, आणि घोंगडी बाजूला केली की नेमके तुम्ही पाणी प्यायला ओसरीवर येऊन खोकणार. तुम्ही बिचारे मला सावध करायला खोकत होता. मी मात्र प्रत्येक खोकल्याला पाय झाकून घेतला. नंतर नंतर उघडलाच नाही. गुडघ्याखाली उशी घातली की बरं वाटायचं. अतिमने उशी घालू नका म्हणून बजावलं होतं, पण ती कुठे बघायला होती. पाय एका जागी जरासा वाकलेला राहिला, दुखेना, आणि मी समजले बरा होतोय. संध्याकाळी नान्साम्बा टोमॅटो विकून दमून यायची आणि विचारायची, ‘आई, केलंस का?’ मी म्हणायची, ‘केलं गं, जीव गेला करून करून.’ ती माझ्यासाठी शेंगदाण्याची आमटी वेगळी काढून ठेवायची, एवढी मेहनत करते म्हणून. मी ती मिटक्या मारत खाल्ली.

एखाद्या दिवशी ती स्वतः पाय धरायची. पण माझं तोंड वेडंवाकडं झालं की तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं आणि हात सैल पडायचे. लहानपणी कोंबडी कापायला दिली तरी असंच करायची. मी एकदा मुद्दामच जोरात किंचाळले, म्हणजे सोडेल. सोडलं.

मग तो दिवस आला. नान्साम्बा बाजारात, पोरं शाळेत, शेजारची सगळी ओळ मित्यानाला कुणाच्या तरी मातीला गेलेली. टाक्यांना खाज सुटली होती आणि अंगाला माझ्याच औषधांचा वास येत होता. मागच्या दाराने न्हाणी जवळ आहे, तुमच्या अंगणात यावं लागत नाही, म्हणून मी चौकट धरून एकटी गेले. घमेल्यात पाणी होतंच. साबण लावला, आणि तोच साबण पायाखाली आला. पडले ती बसल्यासारखी पडले, मोडलं काही नाही. पण उठायला गुडघा वाकावा लागतो. माझा वाकेना. लाकडी बाहुलीसारखा पाय समोर ताठ, पाठ भिंतीला, लुगडं वर खुंटीवर, आणि हात तिथे पोहोचेना. चौकट कोपऱ्यात आडवी झालेली. कुणाला हाक मारू? हाक मारली तर पहिले तुम्ही ऐकणार. म्हणून मी हाक मारली नाही. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप भिंतीवर होती ती खाली सरकत माझ्या पोटावर आली, अंगावरचा साबण वाळून कातडी ओढली जाऊ लागली, आणि मी गप्प बसून तुमचा रंधा ऐकत होते. देवाला म्हणत होते, पोरीला आज गिऱ्हाइक देऊ नकोस, लवकर घरी पाठव.

रंधा थांबला. तुम्ही खोकलात. ‘आई, सगळं ठीक ना?’ मी ओरडले, ‘आंघोळ करतेय! तिकडे व्हा!’ तुम्ही गेलात. थोड्या वेळाने परत आलात. ‘आई, पाण्याचा आवाज येत नाही.’ मी म्हटलं, ‘अंग वाळवतेय!’ तुम्ही म्हणालात, ‘एवढा वेळ?’ मी म्हटलं, ‘माझं अंग मोठं आहे!’ मग तुम्ही बोळात जाऊन शेजारणींना हाका मारल्यात, एकेका दारावर थाप मारलीत, ते सगळं मी ऐकलं. एकही दार उघडलं नाही. तुम्ही परत आलात, आणि या वेळी विचारलं नाहीत. मी दात घट्ट आवळून बसले होते, तरी माझ्या तोंडातून काहीतरी निसटलं. हुंदका म्हणा, मी म्हणणार नाही.

आणि मग न्हाणीच्या दारातून एक लाल कापड आत आलं. सोफ्याचं, जाड, मखमली, सोनेरी फुलांचं, कुणा गिऱ्हाइकाचं. तुम्ही ते भिंतीसारखं दोघांच्या मधे धरलं होतं आणि त्याच्यामागे पाठमोरे, उलट्या पावलांनी येत होता. चाचपडत ते माझ्या अंगावर टाकलंत, चाचपडत कडा खोचल्यात, गुंडाळलंत मला गालिच्यासारखं आणि उचललंत. मी तुमच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. कानाशी ओरडत होते, ‘सोड मेल्या, हात झडतील तुझे!’ तुमचे डोळे मिटलेले होते. म्हणून तर दाराची चौकट दिसली नाही आणि कपाळ आपटलं. एवढा मोठा आवाज झाला, की मी बुक्क्या मारायची थांबले. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आई, पाय सांभाळा, दार अरुंद आहे.’ खाटेवर ठेवलंत, तोंड फिरवून बाहेर गेलात आणि पडद्यापलीकडे जाऊन खोकलात, जणू काही आत्ताच आलात.

त्या खोकल्याला मी उत्तर द्यायला हवं होतं. नाही दिलं. आपल्याकडे सगळे म्हणतात, की सासू शिवली की जावयाचे हात कापायला लागतात आणि मरेपर्यंत थांबत नाहीत. माझ्या मावशीच्या नवऱ्याचं, कागिमूचं, सासूच्या हातून पाण्याचं मडकं घेताना बोटाला बोट लागलं म्हणे, आणि पुढे त्याला तोंडापर्यंत पेला नेता यायचा नाही. तो सकाळपासून पेलाच हातात घेऊन बसायचा, ते कुणी मोजलं नाही. पण मी ते ऐकत वाढले. सुताराचे हात कापले तर घर खातं काय? त्या भीतीने मी ओरडले, असं मी स्वतःला सांगितलं. पोरीलाही तेच सांगायचं ठरवलं होतं. पण जावईबापू, ते खरं नाही. माझ्या नवऱ्यानेसुद्धा मला दिवसाउजेडी असं कधी पाहिलं नव्हतं. मी लाजेने पेटले होते, आणि पेटलेली बाई जो जवळ असेल त्यालाच चटका देते.

मी भावाला फोन लावला. सेबागालाला मी दोनच वाक्यं सांगितली. म्हटलं, ‘जावई न्हाणीत आला. जावयाने मला हात लावला.’ दोन्ही खरी. मी पडले होते हे सांगितलं नाही. कापडाचं सांगितलं नाही. मिटलेल्या डोळ्यांचं सांगितलं नाही. फोनवर तो गरजायला लागला तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

रविवारी तो आला, पांढराशुभ्र पायघोळ कांझू घालून, कुळातली दोन म्हातारी माणसं बरोबर घेऊन. म्हाताऱ्यांना नमस्कार करायला मला गुडघे टेकता आले नाहीत. सगळा जन्म मी दुसऱ्यांच्या सुनांना नीट गुडघे टेकत नाही म्हणून बोलले, आणि मी खाटेवर पाय पसरून पुरुषासारखी ‘या, बसा’ म्हणाले. मग त्यांनी तुमच्याच अंगणात तुमच्याच केलेल्या खुर्च्यांवर बसून तुम्हाला समोर उभं केलं. मी पडद्याआडून शब्द न् शब्द ऐकला. सेबागाला म्हणाला, ‘लाकूडतोड्या, आईबापाने काही शिकवलं की नाही? की आमची बाई म्हणजे सोफा वाटला तुला?’ तुम्ही म्हणालात, ‘चूक झाली, बाबा.’ त्याने विचारलं, ‘कपाळाला टेंगूळ कसलं?’ आणि उत्तरही स्वतःच देत तो म्हणाला, ‘माझ्या बहिणीनेच दिलं असणार. बरं केलं. आणखी एक द्यायला हवं होतं.’ तुमचा तो कामगार, मुगेरवा, मधेच बोलला, ‘पण काका, म्हातारी तर...’ आणि तुम्ही त्याला तोडलंत. ‘मुगेरवा, जा, खिळे आण.’ त्याच्या हातात खिळ्यांचा डबा होता. मला त्याच्या हातात तो वाजताना ऐकू येत होता. तुम्ही एक वाक्य बोलला असता, की तुमची बहीण उघडीनागडी जमिनीवर पडली होती, तर तुम्ही सुटला असता. पण मग तिन्ही म्हाताऱ्यांनी मला मनातल्या मनात तशी पाहिली असती. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. दंड म्हणून बोकड द्या म्हणाले, तुम्ही तुमचा तो काळा बोकड आणून दिलात. सेबागालाने तो गाडीच्या डिकीत घातला. बोकड जाताना ओरडत होता, आणि मी उशीत तोंड खुपसलं.

त्या दिवसापासून नान्साम्बा तुमच्याशी धड बोलत नाही, हे मला दिसत नाही पण कळतं. ताट ठेवल्याचा आवाज बदललाय. पूर्वी ठेवायची, आता आदळते. ती तुमच्यावर रागावली ती माझ्यासाठी. तिने तुम्हाला विचारलं, ‘खरं सांग, काय झालं?’ तुम्ही म्हणालात, ‘आईला विचार.’ ती मला विचारायला आली आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, ‘मला झोपू दे.’

मग सोमवारी पडद्याखालून ती फळी आत सरकली. लांब, पातळ, मेण चोळलेली, मधून टाच जाईल एवढी खाच आणि दोन्ही कडांना पट्ट्या. न बोलता, न खोकता. मला कळलं, टाच घसरवायला आहे. म्हणजे मी व्यायाम करत नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. साधी गोष्ट आहे, टाच घसरली की खाट करकरते, आणि ही खाट एकदाही करकरली नव्हती. तुम्ही पोरीलाही ते सांगितलं नव्हतंत. मी ती फळी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून बोटं फिरवली. सांध्यात नख घालून पाहिलं, नख शिरेना. रविवारी शिव्या खाल्लेल्या, बोकड गेलेल्या, बायको न बोलणाऱ्या माणसाने केलेला सांधा होता तो. आणि माझा हात लागलेल्या माणसाने. मी त्या दिवसापासून रंध्याकडे कान लावून बसलेय. तो मधेच थांबला की माझं काळीज थांबतं. तो तुटक चालला की म्हणते, लागले कापायला. पण तो सरळ जातो, कडेपर्यंत, आणि ढलपी लांब निघते, तिचा आवाजही मला आता ओळखू येतो. थरथरले ते माझेच हात, फोन लावताना.

काल हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरने गुडघा वाकवून पाहिला आणि माझ्याकडे न बघता नान्साम्बाला म्हणाला, की हा असाच राहिला तर पुढच्या खेपेला पुन्हा भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल, आणि तेही जमलं नाही तर आजींनी हा पाय काठीसारखाच वापरायचा. मी डॉक्टरला म्हटलं, ‘काठ्या मला घरी भरपूर आहेत.’ कुणी हसलं नाही. नान्साम्बा म्हणाली, ‘पण डॉक्टर, ती रोज करते.’ ती हे एवढ्या विश्वासाने म्हणाली, की मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. अतिमने मला बाजूला घेतलं, गुडघ्यावर ते जातं ठेवलं आणि दाबलं. मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती दाबत राहिली. म्हणाली, ‘आजी, खोटं बोलणारा गुडघा मी हाताने ओळखते. घरी कोण आहे? हात बळकट आणि कान बहिरे, असं?’ मी म्हटलं, ‘एक आहे, पण तो चालत नाही, तो जावई आहे.’ ती खो खो हसली. म्हणाली, ‘आमच्याकडेही जावई लांबच ठेवतात. पण तुम्हाला घरी जायचंय की नाही, तेवढं सांगा.’

मला घरी जायचंय. माझ्या केळीखाली माझ्या हाताने तण काढायचंय. कालुंगूच्या फाट्यावर टॅक्सीत कुणी न उचलता चढायचंय. डॉक्टर म्हणतो गुडघे टेकणं विसरा. ते विसरेन, म्हाताऱ्यांना उभ्यानेच वाकेन, त्यांना नाही आवडलं तर त्यांनी तोंड फिरवावं. पण जन्मभर दुसऱ्याने मला बोळक्यासारखं उचलून इकडून तिकडे ठेवायचं, ते मला जमणार नाही.

परत येताना टॅक्सीत मी पोरीला सगळं सांगितलं. पडल्याचं, कापडाचं, मिटलेल्या डोळ्यांचं, टेंगळाचं, उशीचं, खोट्या किंकाळीचं. ती रडली नाही. तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, ‘आणि आमटी?’ मी म्हटलं, ‘ती पण फुकटच खाल्ली.’ ती अजून माझ्याशी बोललेली नाही, आणि काल संध्याकाळी तुमचं ताट आदळलं नाही, ते मी ऐकलं. भावालाही फोन केला. तो म्हणाला, ‘आता काय उपयोग, बोकड अर्धा खाल्लाय.’ मी म्हटलं, उरलेला अर्धा तूच घेऊन ये, कांझू घालून, त्याच दोघांना बरोबर घेऊन, त्याच खुर्च्यांवर बस आणि जावयाला सांग, की बहीण जमिनीवर पडली होती. हो, उघडी. सांग त्यांना. मी पडद्याआड बसून ऐकेन. तो रविवारी येतोय. तुम्ही पुन्हा ‘चूक झाली, बाबा’ म्हणालात तर मी आतून चौकट फेकून मारीन.

हे पत्र नान्साम्बाच्या हाती उघडंच देतेय, तिने आधी वाचावं. आणि आता ते कशासाठी, ते सांगते. त्या दिवशी खाटेवर ठेवून गेलात तेव्हा ते लाल कापड माझ्याकडेच राहिलं. साबणाच्या डागांनी गेलंय, गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगितलंत देव जाणे. मी ते घडी करून गुडघ्याखाली उशीवर घालत होते. आता उशी बाहेर फेकलीय. उद्या सकाळी, नान्साम्बा बाजारात जायच्या आधी, ती माझ्या पाठीशी बसेल. खाट पडद्याला लावलेली असेल आणि मी कडेला बसेन. पडद्याखालून माझा डावा पाय तुमच्या बाजूला बाहेर येईल, त्याला तेच लाल कापड गुंडाळलेलं, म्हणजे तुमच्या हाताला कातडी लागणार नाही. तोंड माझं अलीकडे, तुमचं पलीकडे. तुमचं ते बुटकं स्टूल घ्या, बसा, टाच दोन्ही हातांत धरा आणि पडद्याच्या आत, माझ्याकडे ढकला. एकदम नाही. वाकेल तेवढं, मग धरून ठेवायचं, मग आणखी थोडं. लाकूड कसं वाकवतात ते मी तुम्हाला सांगायला नको. मी ओरडेन. तुम्हाला, तुमच्या बापाला, तुमच्या रंध्याला शिव्या घालीन, हात झडतील म्हणेन. थांबू नका. ते झडत नाहीत, मी ऐकलंय. या, तेव्हा खोका. यावेळी मीही खोकेन.

तुमचीच, पडद्याअलीकडची,
नाब्बोसा